नोंद मिळते, मराठी मिळत नाही

टेबलावर नवे पुस्तक आले की ग्रंथपालाला ते दाखल करावे लागते, वर्गांक ठरवावा लागतो, तालिकेत नोंद करावी लागते आणि मग मागणाऱ्याला सापडेल अशा जागी कपाटात लावावे लागते. पुस्तक इंग्रजी असेल तर यातले निम्मे काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते. आयएसबीएन टाकला की कोहासारखे सॉफ्टवेअर झेड३९.५० या प्रोटोकॉलच्या आधारे थेट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेतून तयार नोंद उचलून आणते. शीर्षक, लेखक, पृष्ठसंख्या, विषयशीर्षके आणि बऱ्याचदा ड्यूईचा वर्गांकसुद्धा. एक पैसा पडत नाही. पुस्तक मराठी असेल तर मात्र बाह्या सरसावून सगळे स्वतः टाइप करायचे.

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आज ऑनलाइन साधने पुरून उरतील इतकी आहेत, आणि त्यातली बरीच फुकट आहेत. पण महाराष्ट्रातल्या ग्रंथपालाच्या खुर्चीतून पाहिले की त्यांचा एक कल लगेच दिसतो. विद्यापीठाच्या जवळ असाल तर साधने भरघोस मिळतात. मराठी पुस्तकाकडे वळलात की ती विरळ होत जातात.

सॉफ्टवेअरची बाजू सगळ्यात भक्कम आहे. कोहा जन्मले न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय न्यासाच्या गरजेतून. जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडेल या भीतीने त्यांनी नवी करून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. आज तीच प्रणाली आपल्याकडच्या विद्यापीठांपासून महाविद्यालयांपर्यंत दिसते. प्रबंध, प्रश्नपत्रिका, स्थानिक नियतकालिके साठवायला एमआयटी आणि एचपीने २००२ मध्ये आणलेले डीस्पेस आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे सोल महाविद्यालयांत रुळले आहे आणि एनआयसीचे ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. यातले कोणते घ्यावे यावर आपल्या परिषदांमध्ये जेवढा वेळ जातो तेवढा जायला नको. नोंदी मार्क या प्रमाण स्वरूपात असतील तर उद्या सॉफ्टवेअर बदलता येते. नोंदीच कच्च्या असतील तर कुठलेही सॉफ्टवेअर त्या पिकवून देत नाही.

खरी गंमत नोंदींची आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय साठच्या दशकापासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेते, त्यांची नोंद करते आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांनाही पुरवते. शिकागो, बर्कली इथले मराठी संग्रह अशाच खरेदीतून वाढले. त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या लहान प्रकाशकाने काढलेल्या कथासंग्रहाची शास्त्रशुद्ध नोंद अमेरिकेत असते आणि त्याच जिल्ह्याच्या ग्रंथालयात ते पुस्तक दाखलनोंदवहीतल्या एका ओळीपुरतेच उरते, असे घडू शकते. मग ती अमेरिकन नोंद उचलावी तर ती बहुधा रोमन लिपीत, अक्षरांच्या खाली-वर टिंबे आणि रेघा दिलेल्या एका ठराविक लिप्यंतर पद्धतीने लिहिलेली. चिनी, जपानी, अरबी, हिब्रू पुस्तकांच्या नोंदींना तिथे मूळ लिपीची जोड बरीच आधी मिळाली. देवनागरी मागे राहिली. ते लिप्यंतर आपल्या सवयीचेही नाही. आपण 'च' साठी सी आणि एच अशी दोन अक्षरे लिहितो, तिथे नुसता सी म्हणजे 'च' आणि सीएच म्हणजे 'छ'. 'चौ' किंवा 'चां' ने सुरू होणारे शीर्षक शोधणारा वाचक हमखास रिकाम्या हाताने परततो, आणि पुस्तक तालिकेत नाही असे समजून मोकळा होतो.

जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित तालिका असलेल्या वर्ल्डकॅटमध्येही बहुतेक मराठी नोंदी याच वाटेने आल्या आहेत. तरीही त्या टाकाऊ नाहीत. आवृत्ती, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, विषयशीर्षक यांसाठी त्या फार उपयोगी पडतात. फक्त शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा लिहावे लागतात. हे एकदा एका ग्रंथालयाने करावे आणि बाकीच्यांनी उचलावे, एवढी साधी व्यवस्था मराठीत अजून उभी राहिलेली नाही. हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत मोठे न्यून वाटते.

आपल्याकडच्या जुन्या नोंदींचे हाल वेगळे आहेत. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही ज्यांनी हौसेने संगणकीकरण केले, त्यांनी श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये माहिती भरली. त्या वेळी दुसरे काही हाताशीही नव्हते. आता ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाँट-परिवर्तक इंटरनेटवर मिळतात आणि बरेचसे काम करतातही, पण जोडाक्षरे, रफार आणि 'वाऱ्या'तला अर्धा र इथे ते चुकतात. शिवाय 'दुर्मिळ' आणि 'दुर्मीळ', 'कांही' आणि 'काही' अशा जुन्या-नव्या लेखनाची दोन रूपे एकाच तालिकेत नांदत असतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी पुस्तके असतात. युनिकोडमध्ये आल्यावरही अकारविल्हे यादी करताना 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये जाऊन बसतो, कारण संकेतांकांच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. प्रणालीत मराठीचा क्रम निवडून दिला तर हे सुधारते, पण तो मुद्दाम निवडावा लागतो आणि फार थोडे लोक निवडतात.

लेखकांच्या नावांचे एकसूत्रीकरण हा असाच दुर्लक्षित भाग. मराठीत टोपणनावांची चैन मोठी. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभु आणि चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे. राम गणेश गडकरी तर कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. तालिकेत ही नावे एकमेकांना जोडलेली नसतील तर वाचकाला अर्धाच लेखक सापडतो. जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नाव-नोंदी एकत्र करणारे व्हायफ आहे, आणि त्याला जोडलेले विकिडेटा तर कोणीही संपादित करू शकतो. माझ्या मते आजच्या घडीला मराठी ग्रंथपालासाठी सगळ्यात हाताशी असलेले आणि सगळ्यात कमी वापरलेले साधन विकिडेटाच आहे. आपल्या तालुक्यातल्या लेखकाचे नाव देवनागरीत, टोपणनावासह, जन्ममृत्यूच्या सालांसह तिथे घातले की ती माहिती कोणत्याही ग्रंथालयाला घेता येते. त्यासाठी परवानगी लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही.

वर्गीकरणाबद्दल थोडक्यात. ड्यूईची पूर्ण ऑनलाइन आवृत्ती वेबड्यूई सशुल्क आहे. पहिल्या तीन अंकांपर्यंतचे हजार विभाग वर्ल्डकॅट चालवणारी ओसीएलसी ही संस्था मोफत देते. लहान ग्रंथालयाचे काम त्यावर आणि जुन्या छापील संक्षिप्त आवृत्तीवर भागते. मराठी साहित्याला ८९१.४६ मिळतो आणि कादंबरी ८९१.४६३ वर जाते. मराठी वाचनालयात एकाच क्रमांकावर कपाटेच्या कपाटे भरतात, तेव्हा पुढची सगळी भिस्त ग्रंथांकावर. तिथे कुठलीही परदेशी सेवा मदतीला येत नाही. वर्गांकासाठी मात्र एक सेवा होती. ओसीएलसीचे क्लासिफाय हे मोफत संकेतस्थळ एखाद्या पुस्तकाला जगातल्या ग्रंथालयांनी कोणते वर्गांक दिले ते क्षणात दाखवायचे. अनेकांच्या रोजच्या वापरातले ते स्थळ जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले.

मराठीतून संदर्भसेवा देणाऱ्याची स्थिती त्या मानाने बरी आहे. मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन आहेत. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पात शब्द टाकून शोधता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने दोलामुद्रिते, म्हणजे मराठी छपाईच्या आरंभकाळातली पुस्तके, संगणकीकृत करून खुली केली. साहित्य संस्कृती मंडळाची शेकडो प्रकाशने मोफत उतरवून घेता येतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शोधता येतात, आणि त्यांत ग्रंथालयशास्त्राचाही एक कोश आहे. आपल्याच क्षेत्राचा हा कोश किती ग्रंथपालांनी उघडून पाहिला असेल, याबद्दल मी फार आशावादी नाही. या सगळ्या जागा वेगवेगळ्या पत्त्यांवर विखुरलेल्या आहेत आणि सरकारी संकेतस्थळांची पुनर्रचना झाली की जुने दुवे मोडतात. तेव्हा संदर्भसेवा देणाऱ्याने स्वतःची यादी ठेवावी आणि अधूनमधून तपासावी.

जुन्या मराठी पुस्तकांचे सर्वांत मोठे घबाड डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातून निघाले. २००० च्या पुढच्या काही वर्षांत देशभर केंद्रे उघडून पुस्तके स्कॅन झाली. २०१७ मध्ये स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे संकेतस्थळ बंद झाले, पण तोपर्यंत स्वयंसेवकांनी त्यातली लाखो पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवली होती. आज मराठीतले अनेक दुर्मीळ ग्रंथ तिथेच मिळतात. अडचण एवढीच की शीर्षके घाईघाईने, प्रत्येकाच्या मनाला येईल तशा रोमन स्पेलिंगने भरलेली आहेत. काही ठिकाणी लेखकाच्या रकान्यात प्रकाशक आहे, तर काही ठिकाणी पानेच उलटी. एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगे करून शोधण्याची सवय लावून घ्यावी लागते. एखादे पुस्तक खुले आहे की नाही हे ठरवायला कायदा स्पष्ट आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, केतकर १९३७ मध्ये. त्यांच्याबाबत शंका नाही. पण अर्काइव्हवर दिसते म्हणून पुस्तक मुक्त आहे असे समजून वाचकांना पीडीएफ वाटत सुटणारे ग्रंथपालही आहेत, आणि त्यांना कोणीतरी थांबवायला हवे. अमेरिकेत प्रकाशकांनी इंटरनेट अर्काइव्हवर भरलेल्या खटल्यात २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल अर्काइव्हच्या विरोधात गेला. त्या खटल्यापायी पाच लाखांवर पुस्तके उसनवारीतून काढावी लागली.

महाविद्यालयीन ग्रंथपालाचे जग वेगळे. त्याच्यासाठी इन्फ्लिबनेट हीच मायमाउली. एन-लिस्टमधून वर्षाला पाच हजार रुपये आणि कर एवढ्या वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखावर ई-पुस्तके मिळत आली. २०१० पासूनचा हा व्यवहार कुठल्याही हिशेबाने स्वस्त आहे. अनेक महाविद्यालयांत मात्र नॅकच्या मूल्यांकन अहवालात आकडा दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग झाला आणि विद्यार्थ्यांना लॉगिनचे पासवर्डसुद्धा पोचले नाहीत. इन्फ्लिबनेटच्याच शोधगंगेत पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजी भाषांतरात. म्हणजे दुखणे इथेही तेच.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरुवात. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण योजनेत संस्था घेतल्या त्या केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या. महाराष्ट्रातले उच्च शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण संस्थांनी चालवलेल्या अनुदानित महाविद्यालयांवर उभे आहे. पगार सरकारचा आणि व्यवस्थापन संस्थेचे, असे महाविद्यालय त्या व्याख्येत सहज बसत नाही. योजनेची वाहवा करताना आपल्या राज्यापुरता हा फरक लक्षात ठेवायला हवा.

नियतकालिक खरे की खोटे हे सांगणे हेही आता ग्रंथपालाच्या गळ्यात पडलेले काम आहे. त्यासाठीची साधने पाहिली तर त्यांचा इतिहास फारच डळमळीत. कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांची संशयास्पद प्रकाशकांची यादी जगभर वापरली जायची. जानेवारी २०१७ मध्ये ती एकाएकी नाहीशी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली गेली. मग केअर यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचे. त्या यादीमुळे एक भलताच धंदा सुरू झाला. यादीत नाव असलेले पण स्वतःचे संकेतस्थळ नसलेले जुने छापील नियतकालिक गाठायचे, त्याच्या नावाने बनावट संकेतस्थळ उभारायचे आणि प्राध्यापकांकडून पैसे घेऊन लेख 'छापायचे'. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही थांबवली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. संस्था ती कोणाकडे सरकवणार हे सांगायला नको.

यादी नसली तरी हाती काहीच नाही असे नाही. डीओएजेमध्ये मुक्त प्रवेशाची वीस हजारांहून अधिक नियतकालिके निवडून घेतलेली आहेत. मागे घेतलेल्या संशोधनाची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा संच, लेखांना डीओआय हा ओळखक्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफने २०२३ मध्ये घेऊन सर्वांना खुला केला. क्रॉसरेफचाच मोफत शोध आणखी एका नव्या कामी येतो. विद्यार्थी चॅटजीपीटीने दिलेली संदर्भांची यादी घेऊन येतात आणि त्यातले काही लेख जगात कुठेच लिहिले गेलेले नसतात. लेखाचे शीर्षक किंवा डीओआय टाकून दोन मिनिटांत शहानिशा होते. लेख न सापडणे हेही तिथे उत्तरच असते, हे विद्यार्थ्याला पटवायला मात्र दोन मिनिटे पुरत नाहीत.

स्वतःच्या विषयाचे वाचन करायचे म्हटले तर सबब उरलेली नाही. रंगनाथनांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये सुरू झालेले 'अ‍ॅनल्स' खुले आहे. डेसिडॉकचे नियतकालिकही तसेच. अमेरिकेतले 'कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज' आणि तंत्राकडे झुकलेले 'कोडफोरलिब जर्नल' मोफत वाचता येतात. ई-लिस हे आपल्या क्षेत्रातल्या लेखांचे भांडार २००३ पासून चालू आहे आणि एब्स्कोची लिस्टा ही सारसूचीही वर्गणीशिवाय वापरता येते. शिकण्यासाठी इग्नूच्या ईज्ञानकोशात बी.लिब. आणि एम.लिब.चे पूर्ण साहित्य आहे, ई-पीजी पाठशाळेत पदव्युत्तर पाठ आहेत. विदागाराची साफसफाई, स्प्रेडशीटमधल्या गोंधळलेल्या नोंदी सुधारणे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी लायब्ररी कार्पेंट्रीचे पाठ पाहावेत. ओपनरिफाइन हे मोफत साधन त्यात शिकवतात, आणि वर सांगितलेला 'दुर्मिळ-दुर्मीळ'चा घोळ त्याने एका दुपारी आटोक्यात येतो. हे सगळे इंग्रजीत, थोडे हिंदीत. मराठीत पद्धतशीर म्हणावे असे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्याससाहित्यच काय ते.

ऑनलाइन आहे म्हणजे कायमचे आहे या समजुतीला मात्र गेल्या काही वर्षांनी चांगलाच धक्का दिला. डिजिटल ग्रंथालयांवरचे 'डी-लिब मॅगझिन' १९९५ पासून चालले आणि २०१७ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची तालिका पुन्हा दिसायला जानेवारी उजाडला. प्रबंधांची सेवा त्यानंतरही दीर्घकाळ बंद होती. वर्षभराने इंटरनेट अर्काइव्हवरही हल्ला झाला. तेव्हा स्वतःच्या तालिकेची प्रत दुसऱ्या जागी, वेगळ्या डिस्कवर, ठराविक दिवशी काढून ठेवणे ही कंटाळवाणी गोष्ट कुठल्याही नव्या साधनापेक्षा महत्त्वाची ठरते.

आता सार्वजनिक ग्रंथालये. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान अजून हजारांत मोजावे लागते, ग्रंथपाल बहुधा अर्धवेळ असतो, आणि वर उल्लेखलेल्या साधनांपैकी बहुतेक त्याच्या गावीही नसतात. त्याला क्रॉसरेफ नको, वेबड्यूई नको. त्याला हवी आहे मराठी पुस्तकाची देवनागरीतली तयार नोंद. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची चिठ्ठ्यांवर, जवळजवळ एकहाती केली. संगणक, जाळे, प्रमाण स्वरूप यांतले काही नसताना. आज तेच काम हजारो ठिकाणी चालू आहे, प्रत्येक जण तेच पुस्तक पुन्हा टाइप करतो आहे आणि कोणाचेही टंकन दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

यावरचा उपाय शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. ग्रंथालय संचालनालय सार्वजनिक ग्रंथालयांसाठी शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते, आणि त्याच पुस्तकांच्या प्रती गावोगाव खरेदी होतात. लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत हे सगळे त्या यादीत असतेच. ती सध्या पीडीएफमध्ये मिळते. तिच्यासोबत त्याच पुस्तकांच्या युनिकोड देवनागरीतल्या मार्क नोंदींची एक फाइल, वर्गांक आणि लेखकाच्या टोपणनावांसह, संकेतस्थळावर ठेवायला एखाद्या जाणत्या तालिकाकाराचे काही आठवडे लागतील. कोहा असो की ई-ग्रंथालय, फाइल आयात करायची सोय दोन्हीकडे आहे.